धुऱ्यावरची कळलावी

लिलीच्या गोतातलं वर्धा जिल्ह्यातलं सगळ्यांत देखणं रानफूल पाहायला जंगलात शिरण्याची गरज नाही. श्रावण-भाद्रपदात सेलू, आर्वी, कारंजा, आष्टी या भागातल्या एखाद्या जुन्या पांदणीने चालत जावं आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांवर नजर ठेवावी. बोर, हिवर, घाणेरी यांच्या गचपणातून मध्येच एखादं लाल-पिवळं फूल वर आलेलं दिसतं. सहा पाकळ्या, सगळ्या मागे वळलेल्या, कडा नागमोडी, तळाशी पिवळ्या आणि टोकाकडे लालभडक. ही कळलावी. कुणी तिला खड्यानाग म्हणतं, कुणी अग्निशिखा, कुणी वाघनखी. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. हे नाव लिनियसने १७५३ साली छापलं, आणि वैभव व दिमाख सांगणारे दोन शब्द त्याने एकाच झाडाला दिले. फूल पाहिलं की ते जास्त वाटत नाहीत.

जगाच्या हिशेबाने कळलावी दुर्मिळ नाही. आफ्रिकेपासून भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशियापर्यंत ती रानात उगवते. झिम्बाब्वेचं ते राष्ट्रीय फूल आहे, तामिळनाडूचं राज्यफूल आहे. १९४७ साली इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांना एकविसाव्या वाढदिवसानिमित्त तेव्हाच्या दक्षिण ऱ्होडेशियातल्या शाळकरी मुलांनी याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच भेट दिला होता. पण झाड नकाशावर कितीही पसरलेलं असो, गावाच्या दृष्टीने ते एक तर शिवारात असतं किंवा नसतं. ज्या शिवारातली काटेरी कुंपणं गेली, तिथून कळलावीही गेली. हा लेख तिच्या सौंदर्यासाठी जितका आहे तितकाच त्या कुंपणांसाठीही आहे.

आधी तिच्या कुळाचं पाहू, कारण त्यात थोडा घोळ आहे. जुन्या पुस्तकांत कळलावी लिलिएसी, म्हणजे लिलीच्या कुळात सापडते. तिथे तिच्या शेजारी कांदा-लसूण, शतावरी, कोरफड, पांढरी मुसळी अशी मोठीच पंगत बसलेली असते. सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि जमिनीखाली कंद किंवा मांसल मुळं दिसली की त्या काळी झाड लिलीच्या कुळात जाई. १९९० नंतर गुणसूत्रांतल्या रसायनाची, म्हणजे डीएनएची तुलना करून वनस्पतींची नाती नव्याने मांडली गेली आणि ही पंगत उठली. कांदा-लसूण एका कुळात गेले, शतावरी आणि मुसळी दुसऱ्या, कोरफड तिसऱ्या. कळलावी कोल्चिकेसी कुळात गेली. हे कुळ खऱ्या लिलींच्याच गणात आहे, म्हणून तिला लिलीची चुलत बहीण म्हणायला हरकत नाही. कांद्याला आता तसं म्हणता येणार नाही.

खऱ्या लिली थंड हवेच्या. भारतात त्यांच्या रानटी जाती हिमालयात, मणिपूरच्या शिरुई डोंगरावर आणि दक्षिणेत निलगिरीसारख्या उंच डोंगरांवर आहेत. वर्ध्याच्या मे महिन्यात खऱ्या लिलीचा कंद तग धरणार नाही. इथल्या उन्हाळ्याला तोंड देणारी लिलीच्या गणातली झाडं वेगळ्या घडणीची आहेत. कळलावी त्यांतलीच एक. माळावरच्या गवतात बोटभर उंचीची, किरमिजी फुलांची इफिजेनिया नावाची एक जात उगवते, तीही कळलावीच्याच कुळातली. गुडघे टेकले तरच ती दिसते.

कळलावीचं वर्ष साधारण असं जातं. मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की कोंब वर येतो. सुरुवातीला तो ताठ उभा राहतो आणि त्याची पहिली पानं साधी, टोकदार असतात. झाड हातभर वाढलं की नव्या पानांची टोकं लांब होऊन आकड्यासारखी वळू लागतात. कळलावीला काकडी-दोडक्यासारखे वेगळे तणावे नसतात. पानाचं टोक हाच तिचा तणावा. टोकाला काडी, काटा, गवताचं पातं लागलं की ते त्याभोवती वळसा घेतं आणि घट्ट होतं. चार्ल्स डार्विनने १८६५ साली वेलींच्या हालचालींवर जो मोठा निबंध लिहिला, त्यात कळलावीच्या वंशातली एक जात आहे. कुंडीतलं झाड समोर ठेवून त्याने पाहिलं, की ज्या टोकाला काहीच सापडत नाही ते बरेच दिवस उघडं आणि संवेदनशील राहतं आणि शेवटी आपल्या आपण आत वळून मिटतं. तेव्हा कळलावीला आधार लागतो, आणि तोही बारीक फांद्यांचा, दाट आणि सगळ्या बाजूंनी. जाड खोडाला किंवा सिमेंटच्या खांबाला पानाचं टोक वळसा घालू शकत नाही. बोराटीचं कुंपण मात्र तिला हवं तसं असतं. शिवाय काट्यांमुळे गुरं आत तोंड घालत नाहीत आणि विळाही सहसा पोचत नाही.

दुसरी गरज पाण्याच्या निचऱ्याची. वर्ध्याची काळी कसदार जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, आणि अशा चिबडात कळलावीचा कंद सडतो. धुरा मात्र वावरापेक्षा हात-दीड हात उंच असतो. नांगरताना निघालेले दगड, मुरूम, काडीकचरा वर्षानुवर्षं त्याच्यावर पडलेला असतो. माती भुसभुशीत, पाणी थांबत नाही, आणि नांगर धुऱ्यावर चालत नाही. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या टेकड्यांच्या उतारांवरही निचऱ्याची अशीच सोय असते. २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळालेलं हे जंगल देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. पण जिल्ह्याचा बहुतेक भाग शेतीचा असल्याने कळलावीचं जास्तीत जास्त घर धुऱ्यावर, पांदणीच्या कडेला आणि नाल्याच्या काठच्या झुडपांतच असणार.

फुलाकडे नीट पाहायला थोडा वेळ द्यावा लागतो. कळी खाली तोंड करून लोंबते, हिरवट असते. उमलताना पाकळ्या मागे वर उलटतात, त्यामुळे फूल उलटं असूनही पाकळ्या आभाळाकडे उभ्या राहतात. पहिल्या दिवशी रंग पिवळा-हिरवा, मग नारिंगी, मग लाल. फूल आठवडाभर टिकतं, म्हणून एकाच वेलीवर हे सगळे रंग एकदम दिसतात. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर पसरलेले असतात आणि त्यांच्या टोकांवर परागकोश असे बेताने टेकलेले, की धक्का लागताच झुलतात. सगळ्यांत नवल स्त्रीकेसराच्या दांडीचं. ती बुडाशीच जवळजवळ काटकोनात वळते आणि एका बाजूला लांब निघून जाते. त्यामुळे फुलाचा पराग फुलाच्याच कुक्षीवर सहज पडत नाही. मध प्यायला आलेलं मोठं फुलपाखरू किंवा शिंजीर फुलाच्या भोवती पंख फडफडवतो तेव्हा परागकोशांना पंख लागतात. पुढच्या फुलावर तोच पंख बाजूला निघालेल्या कुक्षीला घासला तर काम झालं. फुलाचा घेर एवढा मोठा का, हे इथे कळतं. लहान माशी मध घेऊन जाईल, पण तिचं अंग दोन्हीकडे पोचायचं नाही.

आश्विन-कार्तिकात शेंगेसारखी बोंडं तडकतात आणि आत शेंदरी-लाल बिया ओळीने बसलेल्या दिसतात. मग वेल वाळते, थंडीत तिचा मागमूस राहत नाही. जमिनीखाली मात्र कंद असतो. त्याचा आकार नांगराच्या फाळासारखा, दोन बाहू कोनात जुळलेले. संस्कृतातलं लांगली हे नाव त्यावरूनच आलं. हा कंद दरवर्षी नवा होतो. पावसाळ्यात जुना कंद आपला साठा वेलीला देऊन संपतो आणि त्याच्या जागी नवा दोन बाहूंचा कंद तयार होतो. प्रत्येक बाहूच्या टोकाला एकच डोळा असतो. ते टोक मोडलं की तो बाहू पुन्हा फुटत नाही. फुलं येण्याच्या काळात कुणी कंद उपटला, तर जुना संपत आलेला आणि नवा अर्धवट, अशा अवस्थेत झाड जातं. बियांचं म्हणाल तर त्या महिनोन्महिने सुप्त राहतात, आणि बीपासून उगवलेल्या रोपाला फूल यायला तीन-चार वर्षं लागतात. तेवढी वर्षं एकाच जागेला कुदळ, आग किंवा फवारा लागता कामा नये. शेताच्या कडेला हे सोपं नाही.

कंद उपटला जातो तो औषधासाठी. कळलावीचा कंद उगाळून बाळंत होणाऱ्या बाईच्या बेंबीवर, तळपायांवर लावायची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. साप-विंचवाच्या विषावरही तो दिला जात असे. आयुर्वेदाने तिला उपविषांत घातलं आहे: रुई, निवडुंग, धोतरा, कण्हेर, गुंज, अफू आणि लांगली. गोमूत्रात शुद्ध केल्याशिवाय ती वापरू नये असा दंडक आहे. आजच्या भारतीय औषध नियमांतही विषारी आयुर्वेदिक द्रव्यांच्या ‘ई-१’ अनुसूचीत लांगली आहे. हे सगळं गंभीरपणे घ्यावं. कंद दिसायला रताळ्यासारखा किंवा रानातल्या खायच्या कंदासारखा असतो आणि त्या गैरसमजातून माणसं दगावलेली आहेत.

विषाचं नाव कोल्चिसिन. ते कंदात असतं, बियांत त्याहून जास्त, पानाफुलांतही असतं. खाल्ल्यावर काही तास काहीच होत नाही, आणि हीच त्यातली फसवी गोष्ट. नंतर उलट्या आणि पटकीसारखे जुलाब सुरू होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तदाब, मूत्रपिंड, फुप्फुसं, रक्त बनवणारी अस्थिमज्जा असं सगळंच ढासळू लागतं. जे वाचतात त्यांचे बऱ्याचदा दोन-एक आठवड्यांत केस गळतात. नेमका उतारा दवाखान्यात उपलब्ध नसतो, सगळी भिस्त लवकर उपचारांवर. म्हणून कुणाच्या पोटात कळलावी गेल्याचा नुसता संशय आला तरी त्रास सुरू व्हायची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयात न्यावं आणि सोबत झाडाचा तुकडा न्यावा. तुकडा अशासाठी, की कळलावीला काही ठिकाणी बचनागही म्हणतात. खरा बचनाग हिमालयातला, त्याचं विष वेगळं, ते थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. नुसतं नाव सांगितलं तर डॉक्टरांची दिशा चुकू शकते.

आता याच विषाची दुसरी बाजू. पेशीचे दोन भाग होताना गुणसूत्रं दोन टोकांना ओढून नेणारे जे बारीक तंतू तयार होतात, त्यांना शाळेच्या पुस्तकात तुर्कतंतू म्हणतात. ते एका प्रथिनाच्या कणांनी बांधलेले असतात. कोल्चिसिन त्या कणांना चिकटतं आणि तंतू बांधलाच जात नाही. गुणसूत्रं दुप्पट झालेली असतात, पण ओढून नेणारं कुणी नसतं. पेशी तिथेच अडकते. शरीरात जिथे पेशी सतत विभागत असतात, म्हणजे आतडं, अस्थिमज्जा, केसांची मुळं, तिथे विषाचा घाव बसतो तो यामुळे. १८२० मध्ये पेल्तिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी युरोपातल्या कोल्चिकम नावाच्या फुलातून हे द्रव्य वेगळं केलं. हे फूलही कळलावीच्याच कुळातलं. गाठीवाताच्या कळा शमवायला अगदी अल्प मात्रेत ते आजही गोळीच्या रूपात दिलं जातं. २०२३ साली अमेरिकेत हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी त्याच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या रोजच्या गोळीला मान्यता मिळाली. आणि तंतूंचं ते प्रथिन, ट्युब्युलिन, मुळात सापडलं तेच १९६७च्या सुमारास, कोल्चिसिन पेशीत नेमकं कशाला चिकटतं याचा माग काढताना.

वर्ध्याच्या वाचकाला याहून जवळची गोष्ट कापसाची आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत ब्लेक्सली आणि एव्हरी यांनी दाखवलं, की कोल्चिसिनने वनस्पतीच्या पेशीतली गुणसूत्रं दुप्पट करता येतात. त्या वेळी कापसाबद्दल एक मोठा प्रश्न होता. आपल्याकडच्या गावरान कापसात, म्हणजे गॉसिपियम आर्बोरियममध्ये २६ गुणसूत्रं असतात. अमेरिकेतल्या रानटी कापसांतही २६. पण ज्या अमेरिकन कापसाने पुढे विदर्भाची वावरं व्यापली त्यात ५२. त्यातली निम्मी मोठी, आशियाई कापसासारखी आणि निम्मी लहान, अमेरिकन रानटी जातींसारखी. म्हणजे हा कापूस दोन खंडांतल्या कापसांच्या संकरातून झाला असावा का? बीस्ली नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने गावरान कापसाच्या जातीचा अमेरिकेतल्या रानटी थर्बेरी जातीशी संकर केला. असं संकरित झाड वांझ असतं, कारण त्याच्या गुणसूत्रांना जोडीदार नसतात. त्याने कोल्चिसिन लावून ती दुप्पट केली. आता ५२ झाली, जोड्या जुळल्या, आणि हे झाड अमेरिकन कापसाशी संकर पावून बी धरू लागलं. १९४० साली त्याने हे मांडलं. दुसरा पूर्वज थर्बेरीपेक्षा पेरूतल्या रायमोंडी जातीच्या जवळचा होता आणि मूळ संकर माणसाच्या कितीतरी आधी, लाखो वर्षांपूर्वी निसर्गतःच झाला होता, हे पुढे ठरलं. पण कापसाच्या घराण्याचं कोडं ज्या द्रव्याने सुटायला लागलं, ते द्रव्य वर्ध्यात पऱ्हाटीच्याच धुऱ्यावर, काट्यांत फुललेलं असतं. बीस्लीच्या हातातलं कोल्चिसिन कळलावीतून काढलेलं होतं असं मला म्हणायचं नाही. रेणू मात्र तोच.

आणि पऱ्हाटीचं शेत बदललं तसा तिचा धुराही बदलला. बोराटीच्या कुंपणाला दरवर्षी डागडुजी लागते, काट्या तोडून आणाव्या लागतात. मजूर मिळत नाहीत, रानडुकरं आणि रोही तर काट्यांना जुमानत नाहीत. शेतकऱ्याने तारेचं कुंपण केलं तर त्याला दोष देता येत नाही. वाटण्या झाल्या, जमिनीचे तुकडे पडले, तसे धुरे रुंदीला कमी होत गेले. पांदणी मोकळ्या आणि रुंद करणंही गरजेचंच असतं, पावसाळ्यात शेतात बैलगाडी किंवा ट्रॅक्टर नेता येत नसेल तर कापूस घरी कसा आणायचा? पण जेसीबीचं दातेरी सूप एकदा कडेने फिरलं, की चार बोटं खोल असलेला दोन बाहूंचा कंद मोडतो. राहिलेलं काम तणनाशक करतं. डवरणी-निंदणीचा खर्च परवडत नाही म्हणून ते वावरात आलं आणि उरलेला पंप धुऱ्यावर मारून संपवायची सवय लागली. ही सवय मला सगळ्यांत खटकते, कारण वावरात तणनाशक मारण्यामागे हिशेब आहे, धुऱ्यावर मारण्यामागे काहीच नाही. धुऱ्यावरची झाडी पिकाचा घास घेत नाही. परागीभवन करणाऱ्या माश्या, किडी खाणारे पक्षी आणि कोळी तिथेच राहतात, आणि तूर फुलावर येते तेव्हा त्यांची गरज असते.

कंद खणण्याला पर्याय तामिळनाडूने शोधलेला आहे. तिथे मुळनूर, धारापुरम, ओट्टनचत्रम या कोरड्या भागांत शेतकरी कळलावी मांडवावर चढवून बियांसाठी पिकवतात आणि कोल्चिसिन काढणारे कारखाने त्या विकत घेतात. फुलपाखरांवर भरवसा ठेवता येत नाही म्हणून मजूर सकाळी ब्रशने किंवा हाताने एकेका फुलाचा पराग दुसऱ्यावर लावतात. पीक कष्टाचं आहे, भाव वर-खाली होतो, विषारी मालाची हाताळणी जपून करावी लागते. विदर्भातल्या शेतकऱ्याने उद्यापासून कळलावी लावावी असं मी सुचवणार नाही. पण औषधाला बी मिळतंय तर रानातला कंद उपटण्याचं कारण उरत नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

धुरा मोडणारच असेल, कुंपण तारेचं होणारच असेल, तर कळलावी हलवता येते. पावसाळ्यात फुललेल्या वेलीची जागा खुंटी ठोकून लक्षात ठेवावी. वेल पूर्ण वाळल्यावर, थंडीत, भोवतीची माती हाताने मोकळी करत कंद काढावा, दोन्ही बाहूंची टोकं शाबूत राहतील असा. हातमोजे घालावेत, नंतर हात धुवावेत. लहान मुलांना आणि घरातल्या रताळ्याच्या टोपलीला त्या कंदाच्या जवळपास येऊ देऊ नये. पुढच्या मृगाआधी जिथे पाणी साचत नाही अशा मुरमाड कडेला, एखाद्या काटेरी झुडपाच्या बुडाशी, चार बोटं खोल आडवा पुरावा. पहिल्या वर्षी बऱ्याचदा नुसतीच पानं येतात. त्या वर्षी तिथे विळा लावू नये आणि उरलेला पंप तिकडे नेऊ नये.